कला शाखेची पदवी आणि शैक्षणिक कर्ज : हिशेब कसा मांडावा?

बारावीचा निकाल लागला की पुढील दोन-तीन आठवड्यांत घरोघरी एक मोठा निर्णय घेतला जातो. मुलाला अथवा मुलीला पुढे काय शिकवावयाचे, कोठे ठेवावयाचे आणि त्यासाठी पैसा कोठून उभा करावयाचा, हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी समोर येतात. अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत खर्च आणि पुढील मिळकत यांची थोडीबहुत चर्चा तरी होते. कला शाखेच्या बाबतीत ती बहुधा होत नाही. बी.ए.ला असा कितीसा खर्च येणार, असे म्हणून विषय सोडून दिला जातो. प्रत्यक्षात शहरातील खोलीचे भाडे, खाणावळ, प्रवास, पुस्तके आणि स्पर्धा परीक्षेच्या वर्गाचे शुल्क यांची बेरीज तीन वर्षांत काही लाखांवर जाते, आणि त्यातील मोठा भाग कर्जाने उभा केलेला असतो.

अशा वेळी पालक सल्ला विचारावयास येतात ते गावातील शिक्षकांकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याकडे. “कर्ज घ्यावे की नाही?” या त्यांच्या प्रश्नास केवळ होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. किती कर्ज, कोणत्या खर्चासाठी आणि पहिल्या मिळकतीच्या किती पटीत, हे पाहूनच ते द्यावे लागते. हा हिशेब कसा मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदवीचे मोल आणि मिळकतीचा काळ

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचे शिक्षण कमी प्रतीचे आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. राज्याच्या प्रशासनात, न्यायालयांत, शाळा-महाविद्यालयांत, ग्रंथालयांत, वृत्तपत्रांत आणि सहकारी संस्थांत काम करणाऱ्यांमध्ये कला शाखेच्या पदवीधरांची संख्या मोठी आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे दार कोणत्याही शाखेच्या पदवीने उघडते. वाचन, लेखन आणि विचारांची मांडणी यांची सवय ही आयुष्यभर उपयोगी पडणारी शिदोरी होय.

अडचण आहे ती काळाची. कला शाखेच्या पदवीचे आर्थिक फळ बहुधा उशिरा मिळते. पदवीनंतर बी.एड., एम.ए., विधी शिक्षण किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी असा आणखी एक टप्पा असतो, आणि तो ओलांडल्यावरच स्थिर मिळकत सुरू होते. बँकेचा हप्ता मात्र त्या टप्प्याची वाट पाहत नाही. पदवीचे मोल तीस वर्षांच्या सेवेत हाती येते, तर कर्जाचा भार पहिल्या पाच-दहा वर्षांत, म्हणजे मिळकत सर्वांत कमी असताना, उचलावा लागतो. यास्तव कर्जाचे माप पदवीच्या एकूण मोलाने न ठरविता पहिल्या काही वर्षांच्या मिळकतीने ठरवावे, हे या विषयातील मुख्य सूत्र आहे.

कर्जाची रचना

विद्यार्थ्यांना कर्जरूपाने साहाय्य देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्र शासनाने १९६३ मध्ये गरजू व गुणवान विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी ऋण शिष्यवृत्तीची राष्ट्रीय योजना सुरू केली होती. आजचे बँकांमार्फत मिळणारे शैक्षणिक कर्ज मुख्यतः भारतीय बँक संघाने २००१ मध्ये तयार केलेल्या आदर्श योजनेच्या चौकटीत दिले जाते. त्या चौकटीतील काही बाबी सल्ला देणाऱ्याने नीट समजून घ्याव्यात.

चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण द्यावे लागत नाही. मात्र आई-वडील वा पालक यांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढ्या मुदतीत हप्ता भरावा लागत नाही. परंतु या मुदतीत व्याजाची आकारणी थांबत नाही. ते साध्या पद्धतीने साचत राहते आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळविले जाते. परतफेडीची मुदत जास्तीत जास्त पंधरा वर्षे असू शकते.

व्याजाच्या अनुदानाबाबत अनेकांचा गैरसमज असतो. केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेली व्याज अनुदान योजना वार्षिक साडेचार लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. पण ती व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती आहे. साध्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला तिचा लाभ होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत ३ टक्के व्याज अनुदानाची तरतूद आहे. तथापि ही योजना राष्ट्रीय मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरती असून, या अनुदानासाठी शासकीय संस्थांतील तसेच तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य आहे. तालुक्याच्या गावातील बहुतेक महाविद्यालये या यादीत सापडणार नाहीत. भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट ही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्याची मिळकत कराच्या मर्यादेतच येत नाही त्याला तिचा काहीच उपयोग नाही. तात्पर्य, कला शाखेच्या विद्यार्थ्याने व्याजाचा सर्व भार आपल्यावरच पडणार असे धरून हिशेब मांडावा.

एक उदाहरण

समजा, एका विद्यार्थ्याने बी.ए.च्या तीन वर्षांसाठी प्रतिवर्षी एक लाख याप्रमाणे तीन लाख रुपयांचे कर्ज घेतले. हिशेबाच्या सोयीसाठी व्याजाचा दर १० टक्के धरू. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर चार वर्षांचे व्याज ४०,००० रुपये, दुसऱ्या वर्षीच्या लाखावर ३०,००० रुपये आणि तिसऱ्या वर्षीच्या लाखावर २०,००० रुपये होते. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणे तीन लाखांचे नसून ३,९०,००० रुपयांचे असते.

हे देणे दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ५,१५५ रुपये हप्ता बसतो आणि एकूण सहा लाख अठरा हजारांहून थोडे अधिक भरावे लागतात. मुदत पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ४,१९० रुपयांवर येतो. पण एकूण भरणा साडेसात लाखांच्या पुढे जातो. हप्ता कमी दिसतो म्हणून लांब मुदत घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा.

याच उदाहरणात पालकांनी शिक्षणाच्या काळातच महिन्याचे व्याज भरत राहावयाचे ठरविले तर काय होईल? पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७ आणि त्यानंतरची दोन वर्षे २,५०० रुपये भरावे लागतील. परतफेड सुरू होताना देणे तीन लाखांवरच राहील आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३,९६५ रुपये होईल. म्हणजे मुलाच्या पहिल्या पगारावरील भार दरमहा जवळजवळ १,१९० रुपयांनी हलका होईल. असे व्याज नियमित भरणाऱ्यास व्याजदरात काही सवलत देण्याचीही आदर्श योजनेत तरतूद आहे. ज्या घरात दूध, भाजीपाला किंवा मजुरी यांतून थोडी का होईना पण नियमित मिळकत आहे, त्या घराने हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

शिक्षकाच्या वाटेवरील हिशेब

आता हा हप्ता एका परिचित वाटेशी ताडून पाहू. माध्यमिक शिक्षक होण्यासाठी बी.ए.नंतर दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते. त्यानंतर पात्रता व अभियोग्यता चाचण्या होतात. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक स्तरासाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. तत्पूर्वी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते.

वरील उदाहरणातील ५,१५५ रुपयांचा हप्ता १८,००० रुपयांच्या मानधनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक आहे. पण खरी अडचण त्याही आधी येते. बी.ए.च्या कर्जाची सवलतीची मुदत पदवीनंतर एका वर्षात संपते, तर बी.एड.ला दोन वर्षे लागतात. म्हणजे विद्यार्थी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असतानाच पहिला हप्ता देय होतो. उच्च शिक्षणासाठी मुदत वाढवून देण्याबाबत बँकेकडे मागणी करता येते. परंतु ती आधी आणि लेखी करावी लागते. ती मंजूर होऊन बी.एड.ची दोन वर्षे व नंतरचे एक वर्ष एवढी मुदत मिळाली, तरी मूळ तीन लाखांवर आणखी दोन वर्षांचे ६०,००० रुपये व्याज चढते. देणे साडेचार लाखांवर जाते, दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,९५० रुपये होतो आणि तो १८,००० रुपयांच्या मानधनाचा तिसरा हिस्सा खातो. यात बी.एड.चा स्वतंत्र खर्च धरलेलाच नाही. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या आणि घरी थोडेफार पाठवू इच्छिणाऱ्या तरुण शिक्षकाला उरलेल्या बारा हजारांत तीन वर्षे काढावी लागतील.

स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर मिळकतीची वेळ याहूनही अनिश्चित असते. तलाठी पदाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये अशी आहे, आणि एकदा नेमणूक झाली की वरील हप्ता सहज पेलता येतो. परंतु २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. ज्या निवडीची शक्यता एवढी अल्प आहे, तिच्या वेतनाच्या भरवशावर घरादाराने कर्ज उचलणे शहाणपणाचे ठरत नाही. परीक्षेची तयारी जरूर करावी. हिशेब मात्र निवड न झाल्यास जी नोकरी वा काम मिळू शकेल, त्याच्या मिळकतीवर बसवावा.

सोडलेली मिळकत

खर्चाच्या पारड्यात आणखी एक वजन असते आणि ते बहुधा कोणी मोजत नाही. बारावीनंतर दुकानात वा कारखान्यात दरमहा १०,००० रुपये मिळवू शकणारा तरुण तीन वर्षे शिकावयास गेला, तर तो ३,६०,००० रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडतो. बारावीच्या पात्रतेवर असलेल्या पोलीस शिपाई पदाची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होते, हेही ध्यानात घ्यावे. यावरून शिकू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. पदवी नसल्यामुळे बढतीची व अन्य पदांची अनेक दारे पुढे बंद राहतात, आणि त्याचे नुकसान मोठे असते. मात्र ज्या घरात त्या मिळकतीची तातडीची गरज आहे, तेथे पूर्ण वेळ शिक्षण आणि शिक्षण सोडणे एवढेच दोन पर्याय नाहीत. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करीत असताना बी.ए. होता येते, आणि ती पदवीही स्पर्धा परीक्षांना चालते.

कर्जाआधीचे मार्ग

आपल्या राज्यात गरीब मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न कर्जाने नव्हे, तर वसतिगृहांनी आणि श्रमाने सोडविण्याची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. कारण खेड्यातील मुलाला शाळेच्या शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च अडवितो, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर विद्यार्थी पदवीधर होऊ लागले. आज अनेक विद्यापीठे व महाविद्यालये ही योजना चालवितात.

कला शाखेच्या बाबतीत ही दृष्टी आजही उपयुक्त आहे. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.चे शिक्षण शुल्क तुलनेने अल्प असते. खर्च वाढतो तो वास्तव्याचा आणि खाजगी वर्गांचा. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी पुढील मार्ग क्रमाने तपासावेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिची सुरुवात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये झाली, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. तसेच शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते वेळेवर तयार नसल्याने पात्र विद्यार्थीही मागे राहतात. ही कागदपत्रे निकालापूर्वीच तयार करवून घेणे, हे शाळा आणि ग्रामपंचायत यांना सहज करता येण्याजोगे काम आहे.

अन्य देशांतील रीत

काही देशांत विद्यार्थी कर्जाची परतफेड मिळकतीशी जोडलेली असते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवीस प्रवेश घेतलेल्यांना वर्षाला २५,००० पौंडांहून अधिक जी मिळकत असेल, तिच्या ९ टक्के रक्कम भरावी लागते; मिळकत त्याखाली असेल तर काही भरावे लागत नाही, आणि ४० वर्षांनंतर उरलेले देणे माफ होते. तेथेही वाद आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून अनेक मानव्यविद्यांचे शुल्क दुपटीहून अधिक वाढविले, त्यावर मोठी टीका झाली. तरीपण तेथील पदवीधराचा हप्ता त्याच्या पगाराकडे पाहून ठरतो, हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडील हप्ता नोकरी लागो वा न लागो, ठरल्या तारखेस देय होतो. तो थकला तर विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार पालकांच्याही पतनोंदीवर डाग पडतो, आणि उद्या त्यांना पीककर्ज वा अन्य कर्ज मिळण्यात अडचण येऊ शकते. परदेशात कर्ज काढून शिकणाऱ्यांची उदाहरणे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ती यामुळेच.

किती कर्ज पेलेल?

कोणताही एक आकडा सर्वांना लागू पडणार नाही. तथापि व्यवहारासाठी एक साधा ठोकताळा सुचवावासा वाटतो : कर्जाचा हप्ता पहिल्या खात्रीच्या मिळकतीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा. पहिली मिळकत दरमहा १५,००० रुपये धरली, तर हप्ता ३,००० रुपये होतो. १० टक्के दराने व दहा वर्षांच्या मुदतीने एवढ्या हप्त्यात सुमारे २,२७,००० रुपयांचे देणे फिटते. शिक्षणाच्या काळात साचणारे व्याज वजा केले, तर तीन वर्षांत मिळून सुमारे पावणेदोन लाख रुपयेच मुद्दल म्हणून उचलता येतात. मिळकत १८,००० रुपये धरली, तर ही मर्यादा सुमारे दोन लाख दहा हजारांपर्यंत जाते. याहून अधिक खर्चाचे महाविद्यालय वा शहर निवडावयाचे असेल, तर वरचा खर्च शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वतःची कमाई किंवा घरची बचत यांतून भागला पाहिजे.

सल्ला देताना विचारावयाचे प्रश्न

पालक सहीसाठी पेन हातात घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावीत.

१. तीन वर्षांचा एकूण खर्च किती, आणि त्यात शुल्क किती व वास्तव्य किती?

२. कोणत्या शिष्यवृत्त्यांसाठी व वसतिगृहांसाठी अर्ज केला, आणि त्याचे उत्तर काय आले?

३. पहिला हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होईल, आणि त्या महिन्यात विद्यार्थी शिकत असेल की कमवीत असेल?

४. इच्छित नोकरी मिळाली नाही, तर कोणते काम मिळेल आणि त्यातून हप्ता निघेल काय?

५. शिक्षणाच्या काळात निदान व्याज भरणे कुटुंबाला शक्य आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कर्जास भिण्याचे कारण नाही. पुरेशा विचाराने घेतलेले अल्प कर्ज एखाद्या हुशार मुलीला तालुक्याबाहेरच्या चांगल्या ग्रंथालयापर्यंत आणि चांगल्या अध्यापकांपर्यंत पोहोचवू शकते. उत्तरे समाधानकारक नसतील, तर पदवीचा विचार सोडण्याऐवजी ती मिळविण्याची वाट बदलावी : जवळचे अनुदानित महाविद्यालय, वसतिगृह, मुक्त विद्यापीठ किंवा ‘कमवा व शिका’.

दरवर्षी जून महिन्यापूर्वी शाळेत अथवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांची एक सभा घेऊन हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला, तर त्यास एका सायंकाळहून अधिक वेळ लागणार नाही. त्या सायंकाळी केलेल्या बेरीज-वजाबाकीमुळे एखादे कुटुंब पुढील दहा वर्षांच्या ओझ्यातून वाचेल, आणि एखादा विद्यार्थी आपल्या आवडीचा विषय निश्चिंतपणे शिकू शकेल.